मोंदेगूच्या भातशेतात कापगते बाई

कापगते बाई चढताना बोलत नसत आणि उतरताना थांबत नसत. डोंगर असो, किल्ला असो की तलावाची पाळ, त्यांना जे सांगायचं असे ते सगळं उतरताना, आणि ऐकणाऱ्यानं ते मागून धावत ऐकायचं. मी भंडाऱ्याकडच्या करडीच्या शाळेत गणित शिकवायला रुजू झाले तेव्हा त्या तिथे भूगोल शिकवत होत्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं.

"सुषमा, ह्या चपला घालून तू फळ्यापर्यंत जाशीन. त्याच्या पुढं काय करशीन?"

त्या स्वतः साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट घालत, पीटीच्या तासाला पोरं घालतात तसले. लग्नालाही तेच. एकदा एका विहीणबाईंनी ते हसून कुणाला तरी दाखवले, तर बाई त्यांना म्हणाल्या, "तुमच्या सँडलले धूळ लागली नाही. घरूनच उचलून आणलं का तुम्हाले?"

वर्गात जगाचा नकाशा टांगलेला असे, पण बाईंचा त्याच्यावर फारसा भरवसा नव्हता. "बोट फिरवलं म्हणून गाव पाहून होते का? पाय लागले पाहिजे." वर्षाला तीन सहली त्या काढतच. नाकाडोंगरीच्या जंगलात नेऊन मुलांच्या हातात मँगनीजचा दगड देत आणि डोळे मिटून वजन सांगायला लावत. कुठल्याही तलावावर, देवळात, पडक्या गढीत गेलं की त्यांचा प्रश्न ठरलेला: "इथं पाणी कुठून येते न कुठं जाते?" मुलं आधी वैतागत. मग घरी जाऊन आईबापांना तेच विचारून त्यांना वैताग देत.

आमच्याकडे भातशेतातून चालताना एक रीत सगळे पाळतात. कुणाच्याही बांधीचा धुरा, म्हणजे शेताभोवतीचा मातीचा बांध, फुटून पाणी वाहताना दिसला तर तो आधी बुजवायचा. मालक कोण, ते मग विचारायचं. त्या घराशी बोलणं बंद असलं तरीही. बाई ही रीत इतकी मनापासून पाळत की एकदा लाखांदूरच्या रस्त्यावर त्यांनी खिडकीतून फुटलेला धुरा पाहून चालती एसटी थांबवली.

कंडक्टर म्हणाला, "बाई, हा स्टॉप नाही."

"पाणी तुमच्या स्टॉपची वाट पाहून राहिलं का?"

सहा पोरं घेऊन त्या खाली उतरल्या, चिखल लोटला, वर गवताचा गठ्ठा दाबला आणि दहा मिनिटांत परत येऊन बसल्या. कंडक्टरनं घंटी मारली. "चला, कलेक्टर बसल्या," तो म्हणाला. अख्खी बस हसली. बाईही हसल्या, आणि चिखलाचा हात त्याच्याच टॉवेलला पुसला.

शीतल त्यांना सापडली ती अशाच एका तलावावर. ती तेव्हा आठवीत होती, मागच्या बाकावरची, विचारल्याशिवाय न बोलणारी. बाईंनी नेहमीचा प्रश्न विचारला. हे पाणी कुठं जाते? सगळे म्हणाले, खाली जाते. शीतल म्हणाली, "आमच्या बांधीत येते. पण मंगळवारी येत नाही."

"काहून?"

"मंगळवारी पलीकडच्या काठाची पाळी राहते."

बाईंनी त्या दिवशी उतरताना दुसरं काही सांगितलं नाही. शाळेत आल्या आणि मला म्हणाल्या, "ह्या पोरीचं गणित पक्कं कर. बाकी मी पाहतो." मी ते केलं. बाईंनी तिच्या वडिलांच्या घरी किती चकरा मारल्या हे मला माहीत आहे, पण त्या कुणाला सांगत नसत, म्हणून मीही सांगत नाही. शीतल नागपूरला शिकली, मग दिल्लीला, आणि मग पोर्तुगालमधल्या कोइंब्रा या गावी संशोधन करायला गेली. तिथलं विद्यापीठ डोंगरावर आहे आणि शेकडो वर्षं जुनं आहे, एवढंच तेव्हा आम्हाला ठाऊक होतं.

बाई निवृत्त होऊन बरीच वर्षं झाल्यावर शीतलनं त्यांना तिकडे बोलावलं. बाईंनी अट घातली: "सुषमा येत असेल तर येतो. तिले कागद समजतात." त्यामुळे एका मे महिन्यात, इकडे भंडाऱ्यात डांबर वितळत असताना, मी पासपोर्ट, व्हिसा, विमा असे सगळे कागद एका फायलीत लावून बाईंबरोबर कोइंब्राच्या स्टेशनावर उतरले.

शीतलनं पहिल्याच संध्याकाळी तिची अडचण सांगितली. कोइंब्राच्या खाली मोंदेगू नदीच्या दोन्ही काठांना मैलोन्‌मैल भातशेती आहे. तिचं काम त्या शेतातल्या पाण्यावर होतं. जुआकिम नावाच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या शेतात तिनं पाणी मोजायच्या पांढऱ्या नळ्या पुरल्या होत्या. दोन हंगामांची मापं झाली होती. तिसऱ्याशिवाय प्रबंध पुरा होणार नव्हता, आणि जुआकिम तिसऱ्याला हो म्हणत नव्हता. विद्यापीठातल्या कुणी तरी त्याच्या बांधावरून सायकल नेली होती, तेव्हापासून शिकलेलं माणूस त्याला शेतात नको झालं होतं.

"मग आता?" बाईंनी विचारलं.

"बघतो म्हणालाय. तोवर नळ्या राहू दिल्यात."

"दुसरं शेत घे."

"दुसरं शेत म्हणजे पुन्हा पहिल्यापासून, बाई. तेवढी वर्षं माझ्याकडे नाहीत. परत यावं लागेल, काहीच हातात नसताना."

बाईंनी बुटांच्या नाड्या आवळल्या आणि उद्या काय पाहायचं ते विचारलं.

पुढचे पाच दिवस आम्ही ते गाव पायानं मोजलं. खालच्या बाजारपेठेतून वरच्या विद्यापीठाकडे जाणाऱ्या पायऱ्यांचं नावच मुळी 'पाठ मोडणाऱ्या' असं आहे. काळे झगे घातलेले विद्यार्थी मधेच टेकून दम खात होते. बाई अडुसष्ट वर्षांच्या होत्या, त्या त्यांच्या बाजूनं एकही शब्द न बोलता वर गेल्या. वाटेत जुनं कॅथेड्रल लागलं, चर्च कमी आणि किल्ला जास्त दिसणारं. बाईंनी भिंतीवर तळवा ठेवला, वर कंगोऱ्यांकडे पाहिलं आणि पुढे निघाल्या. वर विद्यापीठाचं मोठं चौकोनी अंगण आहे, कोपऱ्यात घड्याळाचा मनोरा, आणि कठड्यापाशी गेलं की खाली सगळी नदी. माणसं फोटो काढत होती. बाई शीतलला म्हणाल्या, "एवढी पोरं न एवढे मास्तर ह्या डोंगरावर राहायचे. पाणी कोठून आणत?"

शीतल हसली. "मला वाटलंच होतं. चला." तिनं आम्हाला वनस्पती-उद्यानाजवळच्या दगडी कमानींपाशी नेलं. त्या कमानींवरून एके काळी टेकडीवर पाणी येत असे. बाईंनी एकेक कमान मोजली, दोन ठिकाणी मान वाकडी करून वरचा उतार पाहिला, आणि मग त्यांचं समाधान झालं. मनोऱ्यापेक्षा तिथे त्या जास्त वेळ उभ्या होत्या.

विद्यापीठाच्या जुन्या ग्रंथालयात वटवाघळं राहतात. ती पुस्तकांतले किडे खातात म्हणून त्यांना कोणी हाकलत नाही. ग्रंथालय बंद करताना त्यांची घाण पडू नये म्हणून टेबलांवर चामडी पसरतात, सकाळी साफ करतात. हे ऐकून बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "आपल्या शाळेच्या कोठीत होती न! आपण बिचाऱ्यांले झाडू मारून काढलं. इथं नोकरीवर हायेत."

नदीपलीकडे एक जुना मठ आहे. नदी दर पुरात त्याच्यात शिरे. जोगिणींनी पिढ्यान्‌पिढ्या जमीन वर उचलली, मजला वाढवला, शेवटी हात टेकले आणि टेकडीवर नवा मठ बांधला. जुना कित्येक शतकं गाळात होता, अलीकडे उपसून काढला. बाईंचं माहेर वैनगंगेच्या काठी होतं आणि ते धरणाच्या पाण्यात गेलं, हे मला माहीत होतं. मला वाटलं, इथे काही तरी बोलतील. त्यांनी भिंतीवरची पाण्याची खूण पाहिली, ती आपल्या खांद्याच्या वर कितीशी येते ते हातानं मापलं, आणि म्हणाल्या, "बायका चिवट होत्या." एवढंच.

लोझांच्या डोंगरात पाटीच्या दगडाची गावं आहेत. तिथल्या किल्ल्यापासून ओढ्याकाठानं चेस्टनटच्या झाडांतून पायवाट वर जाते आणि घरं अचानक समोर येतात, दगडावर दगड, मधे चुना नाही. बाईंनी एक पाटी उचलली, डोळे मिटले, तोलली. "नाकाडोंगरीचा भारी." मग उतरताना त्या जे सुरू झाल्या ते खालच्या बसस्टॉपपर्यंत: दगड पातळ निघतो म्हणून भिंत अशी, भिंत अशी म्हणून खिडकी लहान, खिडकी लहान म्हणून माणसं ओट्यावर. मागून येणारं एक जर्मन जोडपं मराठी कळत नसूनही आमच्या मागे मागे ऐकत आलं.

सहाव्या दिवशी शीतलला प्रयोगशाळेत काम होतं. तिनं आम्हाला कागदावर नदीकाठची वाट काढून दिली. "स्टेशनावरून सरळ बांधानं जा. करकोचे दिसतील, घरटी खांबांवर असतात. जुआकिमचं शेत डाव्या हाताला, पांढऱ्या नळ्या ओळखू येतील. लांबूनच पाहा हं, बाई."

"लांबूनच," बाई म्हणाल्या.

वाट सपाट होती. दोन्ही बाजूंना पाणी भरलेल्या बांध्या आणि त्यांत बोटभर उंचीचा भात. बाई थबकल्या. "रोवणी नाही. आवत्या हाय हा, नुसता फेकून पेरलेला." घरच्यासारखं हिरवं होतं सगळं. मीसुद्धा जरा सैल झाले. आणि तेवढ्यात डाव्या हाताला पांढऱ्या नळ्या दिसल्या, आणि धुऱ्याला पडलेलं भगदाड. पाणी धो-धो नालीत जात होतं. शेत अर्धं उघडं पडलं होतं आणि दोन नळ्यांच्या बुडाशी नुसता चिखल चमकत होता. भगदाडाच्या तोंडाशी एक लाल, खेकड्यासारखं काही तरी नांग्या वर करून बसलं होतं.

"पाहा! फोडला ह्या खेकड्यानं धुरा. शीतलचं सगळं पाणी जाऊन राहिलं न!"

"बाई, थांबा. ती कड सरळ दिसते. कुणी कापलेली असेल."

"रोप बोटभर असताना पाणी कोण सोडते, सुषमा?"

बूट माझ्या हातात आले, साडीचा काष्टा वर गेला, बाई पाण्यात. मी रस्त्यावर बूट धरून उभी. पंधरा मिनिटांत त्यांनी गवत आणि चिखलाचे गोळे लावून ते भगदाड असं बुजवलं की थेंब झिरपेना. कंबरेवर हात ठेवून त्या मागे सरकल्या आणि आपलं काम पाहू लागल्या. तेवढ्यात एक लहान ट्रक येऊन थांबला.

जुआकिम उंच नव्हता, पण आवाज होता. त्यानं धुऱ्याकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं आणि टोपी काढून जमिनीवर आपटली. बाई त्याला मराठीत समजावू लागल्या, लाल किड्याकडे बोट दाखवून. त्याला वाटलं असावं की ही बाई त्याच्यावरच उलटते आहे. मग त्यानं नळ्यांकडे पाहिलं, फोन काढला, आणि दोन मिनिटांनी माझा फोन वाजला.

"मॅडम," शीतल म्हणाली, "बाईंनी काय केलं?"

ती येईपर्यंत पाऊण तास आम्ही तिघं त्या धुऱ्यावर एकमेकांकडे न पाहता उभे होतो. ती आली ती पांढरीफटक. जुआकिम बोलत होता आणि ती मान खाली घालून ऐकत होती. मग तिनं सांगितलं. पाणी त्यानंच सोडलं होतं. तिकडे पाण्यातच पेरतात, त्यामुळे रोपांना मुळं धरायला काही दिवस शेत कोरडं करावं लागतं. खालच्या फाटकातून पाणी सावकाश जात होतं, म्हणून त्यानं सकाळी कुदळीनं धुरा कापला होता. उद्या तणाचं औषध मारायला माणूस येणार. संध्याकाळपर्यंत शेत रिकामं झालं नाही तर तो परत जाणार.

"आणि?" बाईंनी विचारलं.

"नळ्या काढून ने म्हणतोय. आजच."

बाईंनी एक क्षण त्या नळ्यांकडे पाहिलं. "त्याले सांग, चूक माझी हाय. तुले यातलं काही माहीत नव्हतं. हे आधी सांग. आणि फावडं मागून घे."

जुआकिमनं फावडं दिलं. बहुधा आता ही आणखी काय करते ते पाहायला. बाई भगदाडाकडे गेल्याच नाहीत. त्या नालीतून खाली चाळीस पावलं गेल्या, जिथे गवतानं नाली चोंदली होती, आणि तिथून उपसत वर येऊ लागल्या. आमच्याकडे असंच करतात. पाणी जिथं जायचं ती जागा आधी मोकळी करायची, सोडायचं सगळ्यात शेवटी. जुआकिम काही वेळ हात बांधून उभा राहिला. मग ट्रकमधून दुसरं फावडं काढून तो नालीच्या दुसऱ्या टोकाला उतरला. दोघं समोरासमोर आले तेव्हा बाईंनी वर चढून धुरा कापला. पाणी सुटलं ते सकाळच्या दुप्पट.

तो लाल प्राणी पाण्याबरोबर वाहत नालीत आला. जुआकिमनं त्याला उचलून रस्त्यावर फेकलं आणि काही तरी बोलला.

"काय म्हणते?"

"बांध हेच पोखरतात म्हणतो. वैताग आणलाय."

"मग मी काय सांगत होती! त्याले म्हणा, आमच्याकडं धुरा फोडला तर त्याचा रस्सा होते."

शीतलनं सांगितलं. म्हातारा हसला नाही, पण तोंड आवरायला त्याला खाली पाहावं लागलं. त्यानं विचारलं, ही कोण? शीतल म्हणाली, माझ्या शिक्षिका. काय शिकवतात? भूगोल. त्यानं त्या साफ नालीकडे पाहिलं आणि काही तरी पुटपुटला. त्याचा अर्थ शीतलनं आम्हाला गाडीत सांगितला: "आमच्याकडे भूगोल शिकवणारे इमारतीच्या बाहेर येत नाहीत."

नळ्यांबद्दल मात्र तो एक शब्द बोलला नाही. शीतलनंही विचारलं नाही. त्या तिथेच राहिल्या.

गाडीत बाई म्हणाल्या, "तुझी वर्षं मी पंधरा मिनिटांत बुडवली."

"बुडवली की नाही ते अजून कळलं नाही, बाई," शीतल म्हणाली. ती खोटं समाधान देत नाही. तेही ती बाईंकडूनच शिकली आहे.

त्यानंतरचे दिवस वाईट होते. ठरलेलं होतं म्हणून आम्ही कोनिंब्रिगाला गेलो. तिथे रोमन लोकांचं गाव उकरून काढलेलं आहे, रंगीत खड्यांची जमीन, कारंज्यांचं घर. शत्रू आल्यावर त्यांनी घाईनं तट बांधला, तो सरळ आपल्याच घरांच्या मधून. बाई त्या तटावर बसून होत्या. पाणी कुठून येतं ते त्यांनी विचारलं नाही. "घाईत बांधला," त्या म्हणाल्या, "समोरचं घर पाहिलं नाही." मी त्यांना पाण्याची बाटली दिली.

आम्ही निघायच्या आदल्या दिवशी जुआकिमचा निरोप आला. आज शेतात पाणी घेतो आहे. शिक्षिकेला घेऊन ये.

बाई आता नाहीत. त्या प्रवासानंतर वर्षभरात त्या गेल्या, झोपेत, कुणाला त्रास न देता. शीतलचा प्रबंध पुरा झाला आहे आणि त्याच्या पहिल्या पानावर दोनच नावं आहेत, कापगते बाई आणि जुआकिम. मी ते पान चौकटीत लावून शाळेच्या मास्तरांच्या खोलीत टांगलं आहे. नवीन शिक्षक विचारतात, हा जुआकिम कोणत्या गावचा? मी सांगते, मोंदेगूकाठचा. त्यांना वाटतं तिकडे तुमसरच्या पलीकडे असेल. आणि मला बाई आठवतात त्या तिथल्याच, त्या दिवशीच्या.

शेत कोरडं झालं होतं आणि रोपं ताठ उभी होती. मुळं धरली होती. वरच्या कालव्यावर सिमेंटचं तोंड होतं आणि त्यात लाकडी फळ्या बसवलेल्या. जुआकिमनं सगळ्यांत वरच्या फळीकडे हात केला आणि स्वतः बाजूला झाला. बाईंनी आधी शेताच्या बाजूनं वाकून पाहिलं, वाट मोकळी आहे ना. मग फळी उचलली.

पाणी आत शिरलं. जुआकिम शीतलशी बोलत होता, नेहमीसारखा चिडल्याच्या सुरात. सप्टेंबरात कापणीआधी पाणी पुन्हा सोडीन, तुझ्या मापांच्या तारखा मला आधी कळव, ऐनवेळी सांगू नको. शीतल मान डोलावत होती. मग ती माझ्याकडे वळली.

"मॅडम, तो सप्टेंबरचं बोलतोय. सप्टेंबरचं."

बाई केव्हाच शेतात उतरल्या होत्या. पाणी रोपांच्या ओळींतून पसरत चाललं होतं आणि त्या त्याच्या कडेकडेनं चालत होत्या, साडी गुडघ्यापर्यंत, हात मागे बांधलेले. पाणी पहिल्या नळीच्या बुडाशी पोचलं तेव्हा त्या वाकल्या, बोट चिखलापर्यंत बुडवलं, आणि ते ओलं बोट दुसऱ्या पेरावर अंगठा दाबून आमच्याकडे उंच धरलं.

"पाहून काय राहिली, शीतल? लिही न!"

शीतलनं वही काढली.